ताईचा आकडा

माझी ताई पोहायला शिकवते. आमच्या भागातल्या बंदिस्त जलतरण तलावावर ती मुख्य प्रशिक्षक आहे. मुलं तिला समोर 'मॅडम' म्हणतात आणि पाठ वळली की 'शिट्टी'. तिला हे नाव माहीत आहे, आणि मनातून ते तिला आवडतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. पन्नाशी उलटली तरी तिच्या अंगावर तोळाभर चरबी नाही. खांदे ताठ, चाल झपाझप, आणि आवाज असा की तलावाच्या या टोकाला ओरडली तर त्या टोकाचा आळशी पोरगा पाण्याखाली असला तरी हातपाय मारायला लागतो.

मी तिचा धाकटा भाऊ. माझी बेकरी आहे, आणि मी माझाच माल खातो हे मला पाहून कुणालाही कळतं. ताई दुकानात आली की काउंटरवरच्या बटर बिस्किटांकडे अशी बघायची, जणू बरणीत विंचू ठेवलेत.

"तुझं एक दिवस काहीतरी होणार आहे," ती म्हणायची. "शरीराला शिस्त लागते रे. शिस्त नसली की मग आहेतच गोळ्या."

गोळ्या हा शब्द ती असा उच्चारायची, की गोळ्या घेणारा माणूस आपोआप मान खाली घालायचा. तलावावर येणारे पालकही तिला दबकून असत. कुणी रक्तदाबाच्या गोळीचं नाव काढलं की ताई विचारायची, "रोज किती चालता?"

तर झालं असं, की तलावाच्या व्यवस्थापनाने सगळ्या प्रशिक्षकांची आरोग्य तपासणी करायची ठरवली. ताईने हसत हसत रक्त दिलं. अहवाल आला तेव्हा बाकी सगळे पास आणि ताई एकटी नापास. खराब कोलेस्टेरॉल, ज्याला ते एलडीएल म्हणतात, शंभराच्या आसपास असावं, ते दोनशेच्या वर.

"मशीन बिघडलंय," ताई म्हणाली.

दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं. आकडा जवळपास तोच.

मग ती डॉक्टरकडे गेली, आणि मला बरोबर घेऊन गेली. माझ्यासारखा लठ्ठ भाऊ शेजारी असला की आपलं म्हणणं आणखी पटेल, असा तिचा हिशोब असावा. डॉक्टर वयाने ताईएवढ्याच, शांत बाई होत्या. त्यांनी ताईचं सगळं ऐकून घेतलं : पहाटे उठणं, पोहणं, तळलेलं न खाणं, साखर न खाणं. मग म्हणाल्या, "बूट मोजे काढता का जरा?"

त्यांनी ताईच्या टाचेमागची जाड दोरी, पोटरीचा स्नायू टाचेला बांधते ती, दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि हळूहळू चाचपली. "ही इतकी जाड कधीपासून आहे?"

"पोहून पोहून झालीय ती," ताई म्हणाली. "पायांचा व्यायाम होतो ना."

"तुमच्या घरात आणखी कुणाची अशी होती?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मला बाबा आठवले. लहानपणी आम्ही दोघं त्यांचे पाय चेपायचो. त्यांच्या टाचांच्या मागे कडक गाठी होत्या. दिवसभर सायकलवरून डाक वाटून तसं झालंय, असं आम्हाला वाटायचं. बाबा काडीसारखे होते. चाळिशी जेमतेम ओलांडली, आणि एका सकाळी पत्रांची पिशवी खांद्याला असतानाच रस्त्यात कोसळले. काकाही, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, असेच लवकर गेले. कष्टांनी गेले, असं घरात सगळे म्हणायचे.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हे खाण्यामुळे नाही. हे वारशाने येतं. रक्तातलं जास्तीचं कोलेस्टेरॉल उचलून साफ करायचं काम यकृताचं. काही घराण्यांत यकृताला ते काम जन्मापासूनच नीट जमत नाही. मग ते रक्तवाहिन्यांत साठत जातं, आणि कधीकधी असं टाचेमागच्या या दोरीतही. तुम्ही आयुष्यभर शिस्तीत राहिलात म्हणूनच कदाचित आज इथे चालत आलात. पण आता औषध लागेल."

"मला तीन महिने द्या," ताई म्हणाली. स्पर्धेआधी एखाद्या मुलाच्या बापाला सांगावं तसं. "मी खाण्याने उतरवून दाखवते."

डॉक्टर म्हणाल्या, "खाण्याने थोडं उतरेल. तुमच्यासारख्यांचं पुरेसं उतरत नाही. पण तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर मी अडवत नाही. तीन महिन्यांच्या वर मात्र एक दिवसही नाही."

मग ताईने जे काही केलं ते बघून माझीच भूक मेली. अंड्यातला पिवळा भाग गेला, दुधावरची साय गेली, चीज तर घरातून हद्दपारच. रोज ओट्स, डाळी, उकडलेले घेवडे, मूठभर अक्रोड. तिच्यासाठी मी जवसाचा पाव करून बघितला. पहिला पाव विटेसारखा झाला. ताईने तो खाल्ला आणि म्हणाली, "छान आहे." माझी बहीण जन्मात कधी खोटं बोललेली नाही, एवढा एक प्रसंग सोडला तर.

तीन महिन्यांनी आकडा खाली आला होता. पण किती, तर घराची एक पायरी उतरावी इतका, आणि जायचं होतं तळघरात.

त्याच दिवशी, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून, माझीही तपासणी झाली. भावंडांची करावीच लागते, निम्म्यांमध्ये हे उतरतं म्हणे. माझा अहवाल ताईने माझ्या हातातून ओढून घेतला आणि वाचला. मग परत वाचला. मग माझ्या पोटाकडे बघितलं.

"तुझं नॉर्मल आहे?"

"असं दिसतंय खरं."

"तुझं?"

मला हसू फुटणार होतं, पण तिचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आपण आयुष्यभर एका नियमावर विश्वास ठेवला आणि तो नियम आपल्याच बाबतीत फसला, असा तो चेहरा होता. ती लॅबच्या बाकावर बसली आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिली. मी शेजारी बसलो.

तिने गोळी सुरू केली. स्टॅटिन नावाची, यकृताला कोलेस्टेरॉल कमी बनवायला लावणारी. काही आठवडे बरे गेले. मग तिच्या मांड्या दुखायला लागल्या. कुठे मार लागल्यासारखं नाही, आतून जड झाल्यासारखं. एकदा ती लहान मुलांना काठाला धरून पाय कसे मारायचे ते दाखवत होती आणि मध्येच थांबली. मुलांना वाटलं, मॅडम काहीतरी नवीन शिकवतायत. मुलंही थांबली. ताईने कुणाला काही न सांगता गोळी बंद केली.

तलावावर एका मुलीचे वडील यायचे. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की या गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा आहे, आणि कुठल्याशा झाडाच्या सालीची पावडर तिच्या हातात ठेवली. जी बाई पोरांना गोड बिस्किटाच्या तुकड्यावरून झापायची, ती दोन महिने ती तपकिरी पावडर पाण्यातून मुकाट्याने पीत होती. घाबरलेला माणूस काय काय गिळतो बघा.

पुढच्या तपासणीत आकडा परत होता तिथे जाऊन बसला. आता बोलणी खावी लागणार, या तयारीने ती डॉक्टरांसमोर बसली. मी दाराशी उभा होतो.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठे दुखायचं? दोन्हीकडे सारखं का? बंद केल्यावर थांबलं?"

"थांबलं."

"मग ते गोळीमुळे असू शकतं. तुमचं दुखणं खरं आहे, मी ते नाकारत नाही. फक्त ते मला सांगायला हवं होतं. औषध सोसत नसेल तर दुसरं आहे, कमी प्रमाणात देता येतं, त्याला जोड देता येते. पावडर मात्र आजच्या आज बंद. तिच्यात काय आहे ते ना तुम्हाला माहीत, ना देणाऱ्याला."

त्यांनी स्नायूंची तपासणी करवली. ती ठीक निघाली. मग त्याच जातीची दुसरी गोळी, अगदी कमी मात्रेत, आणि तिच्या जोडीला आणखी एक, जी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. या वेळी मांड्या दुखल्या नाहीत. आकडा चांगला उतरला, पण डॉक्टरांना हवा होता तिथे अजून नव्हता. तेव्हा त्यांनी इंजेक्शनचं नाव काढलं. दर दोन आठवड्यांनी, पोटाच्या कातडीखाली, स्वतःचं स्वतः घ्यायचं.

आणि इथे एक गोष्ट उघडकीला आली. थंडगार पाण्यात सूर मारणारी, बुडणाऱ्या माणसाला केसाला धरून वर काढणारी माझी ताई सुईला घाबरते!

आता इथे माझी भाची येते. ताईची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून आम्ही तिला 'खार' म्हणायचो, ते नाव अजून चिकटलंय. ती सुतारकाम करते. एका कारखान्यात दारं-खिडक्या बनवते आणि हाताला नेहमी लाकडाचा भुसा असतो. भावोजी जहाजावर, महिनोन्‌महिने समुद्रात, त्यामुळे मायलेकी घरात दोघीच.

डॉक्टरांनी खारीचीही तपासणी करायला सांगितली होती. ती टाळत होती. आज काम आहे, उद्या माल पोचवायचाय. एकदा ताईने फारच लावून धरलं तेव्हा ती माझ्या दुकानात मागच्या खोलीत, पीठ चाळायच्या टेबलाशी उभी राहून फाडकन म्हणाली, "आई, मी चोवीस वर्षांची आहे. रोज फळ्या उचलते. मला काही होत नाही. गोळ्या शिस्त नसलेल्यांसाठी असतात, हे तूच सांगितलंस ना मला?"

भट्टीतले पाव काढायचे होते. मी काढले नाहीत.

ताईने पर्समधून इंजेक्शनचा पेन काढला. ती घरून फ्रिजमधून काढून घेऊन आली होती, थोडा वेळ बाहेर ठेवून मग घ्यायचं असतं म्हणून. तोपर्यंत ती दवाखान्यात जाऊन नर्सकडून टोचून घ्यायची आणि डोळे घट्ट मिटून घ्यायची. त्या दिवशीही तिकडेच निघाली होती. तिने पेन टेबलावर ठेवला, हात धुतले, कुडता जरा वर केला आणि पोटावरची जागा कापसाने पुसली.

"बस," ती खारीला म्हणाली.

"आई, हे काय?"

"बघ. पोहताना तू श्वास घ्यायला डोकं बाजूला वळवतेस की नाही?"

"हो."

"का वळवतेस?"

"नाहीतर मरेन ना."

"त्याला कुणी हार म्हणतं का? मीच तुला शिकवलं, वळव म्हणून. श्वास न घेता जो पुढे जायला बघतो त्याला मी काठावर बाहेर काढते. गोळी म्हणजे तेवढंच आहे. मी तुला आणि सगळ्यांना उलटं सांगत आले, ते चूक होतं. मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे." तिने पेन कातडीवर टेकवला आणि डोळे उघडे ठेवून बटण दाबलं. टक् असा आवाज झाला. तिने दात आवळून मनातल्या मनात आकडे मोजले, पेन काढला, आणि रोखलेला श्वास सोडला.

"दुखलं?" खारीने विचारलं.

"दुखलं," ताई म्हणाली. "फार नाही. मुंगीएवढं. पण मी घाबरले होते खूप."

खारीने आईच्या पोटावर कापूस धरला. पाव जळायला लागले होते. मी धावलो.

दुसऱ्या आठवड्यात खारीने रक्त दिलं. आईचाच वारसा निघाला, आकडा थोडा कमी इतकंच. ती रडली, म्हणजे फक्त माझ्यासमोर रडली. मग डॉक्टरांकडे गेली आणि तिने अशी एकेक बारीकसारीक चौकशी केली, जशी एखाद्या गिऱ्हाइकाने दाराच्या बिजागरीबद्दल करावी. पुढे मूल हवं असेल तर काय? त्या आधी डॉक्टरांना सांगायचं, बहुतेक औषधं तेव्हा थांबवावी लागतात, त्याची आखणी करता येते. खेळ, काम, जड उचलणं? सगळं चालू ठेवायचं. आयुष्यभर? हो, पण लवकर सुरू केलंय, म्हणजे रक्तवाहिन्या अजून स्वच्छ असताना. "तुझ्या आजोबांना ही संधी मिळाली नाही," डॉक्टर म्हणाल्या. खारीने हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता. हट्टी, पण आतून हललेला.

आता ती कारखान्यात चहाच्या सुट्टीत गोळी घेते. कुणी विचारलं तर सांगते, "आमच्या घराण्याची देणगी आहे."

पण ताई तिथे थांबली नाही. तिचा स्वभावच नाही तो. काका लवकर गेले होते, म्हणजे त्यांच्या मुलालाही हे असू शकतं. हा आमचा चुलतभाऊ लिफ्टची दुरुस्ती करतो. कित्येक वर्षांत आमचं बोलणं फक्त लग्नसमारंभापुरतं. ताईने त्याला फोन केला. मी समोर होतो.

"तुझं कोलेस्टेरॉल तपासलंस कधी?"

पलीकडून काहीतरी हसून बोलल्याचं ऐकू आलं.

"हसू नकोस. तुझे बाबा किती वर्षांचे असताना गेले, आठवतंय? माझे बाबा?"

पलीकडचं हसू थांबलं. मग बराच वेळ तो बोलत राहिला आणि ताई ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर तिने सांगितलं, तो गेला महिनाभर लिफ्ट बंद पडलेल्या इमारतींमध्ये जिने चढताना धापा टाकतोय. छातीत काहीतरी दाबल्यासारखं होतं. वय झालं असं समजून कुणाला बोलला नव्हता.

"तुझी बायको आहे घरात?" ताईने लगेच त्याला परत फोन लावून विचारलं. "दे तिला."

त्याच दुपारी वहिनीने त्याला हाताला धरून हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या होत्या, एक तर जवळपास बंद. डॉक्टरांनी आत जाळीची छोटी नळी बसवून त्या उघड्या केल्या. आता तो स्टॅटिन घेतो, तेही मोठ्या मात्रेत, कारण त्याला ते सोसतं. त्याला बघायला आम्ही गेलो तेव्हा तो पलंगावर टेकून बसला होता. ताईला बघितल्यावर उठायला लागला.

"पडून राहा," ताईने दम दिला.

"तुला फोन करायला कुणी सांगितलं होतं?" तो म्हणाला. मग त्याने मान भिंतीकडे वळवली. वहिनी ताईच्या गळ्यात पडली. ताईला असलं काही जमत नाही, ती तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "मुलांची तपासणी कर. उद्याच कर." त्याच्या दोन मुलांपैकी धाकट्यात ते सापडलं, पण लवकर कळलं; मोठी सुटली.

मला राहून राहून वाटतं, आमच्या घराण्यात बाबांपासून कितीजण असे एकेक करून गेले, आणि घरातल्या माणसांनी त्याला कष्ट म्हटलं, नशीब म्हटलं. हे थांबवलं ते माझ्या बहिणीने. ते थांबवायला तिला स्वतःचं एक मोठं मत मोडावं लागलं, आणि ते तिने सगळ्यांसमोर मोडलं. तलावावरच्या पालकांच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुम्हाला औषधांवरून टोमणे मारले असतील. ते मी परत घेते. व्यायाम सोडू नका, खाणं सांभाळा, पण रक्त तपासा, आणि डॉक्टर गोळी देतील तर घ्या." त्या पावडरवाल्या गृहस्थांनी खुर्चीत चुळबूळ केली. बैठक संपल्यावर ताईजवळ येऊन त्यांनीच हळूच विचारलं, लॅब सकाळी किती वाजता उघडते.

परवा ताईचा फोन आला. मी पिठात हात घालून उभा होतो, फोन खांदा आणि कान यांच्यात धरला.

"आला आकडा," ती म्हणाली.

"किती?"

तिने सांगितला. शंभराच्या आत, चांगलाच आत. तो तिने असा सांगितला, जसं तिच्या हातची एखादी मुलगी पहिली आली की सांगते : आवाज कोरडा, आणि त्याच्या खाली आनंद उकळतोय. मी म्हटलं, "शाब्बास," आणि लहान भावाने मोठ्या बहिणीला शाब्बास म्हणायचं नसतं हे लक्षात येऊन जीभ चावली. ती हसली. मोठ्याने, मनापासून.

त्यानंतर दुकानात जो आला त्याला मी सांगितलं. पाव घ्यायला आलेल्याला, केकची ऑर्डर द्यायला आलेल्याला, सुटे मागायला आलेल्यालासुद्धा. माझ्या बहिणीचं एलडीएल शंभराच्या आत आलं. काहींना एलडीएल म्हणजे काय तेही कळलं नसेल. पण आमच्या गल्लीत भूगोल शिकवणारे एक मास्तर आहेत, बारीक अंगाचे, नेहमी एकच ब्रेड नेणारे. ते पिशवी हातात घेऊन थांबले.

"माझे मोठे भाऊ पस्तिशीत गेले," ते म्हणाले. "हृदयाने. ही तपासणी कुठे करतात?"

मी हातातलं पीठ झटकलं, काउंटरच्या बाहेर आलो, आणि त्यांना रस्त्यापर्यंत नेऊन लॅबची दिशा दाखवली.